नक्कल आणि अनुकरण : चवदार तळ्याच्या स्मृतिदिनाचा विचार

२० मार्च जवळ आला की महाराष्ट्रातील गावोगावच्या विहारांत लगबग सुरू होते. महाडला जाणाऱ्या गाड्या ठरतात, वर्गणी गोळा होते, निळे झेंडे धुऊन काढले जातात. ज्यांना महाडला जाणे शक्य नसते ते आपल्याच वस्तीत मिरवणूक काढतात, व्याख्यान ठेवतात, चित्ररथ सजवतात. अनेक ठिकाणी चवदार तळ्याचा प्रसंग लहान मुलांकडून सादर करविला जातो. कोणी बाबासाहेब होतो, कोणी सुरबानाना टिपणीस, कोणी अनंतराव चित्रे. निळ्या कापडाचे तळे होते. बालबाबासाहेब वाकून ओंजळ भरतात, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि कार्यक्रम संपतो.

आमच्या संस्थेच्या सभागृहातही काही वर्षांपूर्वी असाच एक प्रवेश झाला. मुलांची तयारी उत्तम होती. टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने रंगमंचावरील मुलांनाच विचारले, "पानी पिऊन झालं, ते बरं झालं. पर दुसऱ्या दिवशी काय झालं रे बाळांनो? मिळालं का त्यांना पानी?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. सूत्रसंचालकाने "आजी, मिळालं ना!" असे म्हणून वेळ निभावून नेली. आम्ही व्यासपीठावर बसलो होतो आणि आम्हांस खरे उत्तर ठाऊक होते. तथापि आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. ती आजीबाई आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे ऋण मात्र आमच्यावर राहिले आहे. २० मार्च २०२७ हा महाडच्या क्रांतीचा शताब्दीदिन. त्या निमित्ताने हे ऋण फेडण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत.

स्मरणाला बौद्ध परंपरेत स्थान आहे काय?

काही सुशिक्षित बांधवांना असे प्रवेश, मिरवणुका व यात्रा मुळातच नापसंत असतात. बाबासाहेबांचा मार्ग ग्रंथांचा, विचारांचा. ही सोंगे कशाला, असा त्यांचा आक्षेप असतो. आमच्या मते हा आक्षेप अर्धाच खरा आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला श्रद्धावान कुलपुत्रांनी पाहावी अशी चार स्थाने सांगितली आहेत : जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे आणि महापरिनिर्वाणाचे. ह्या स्थानांना त्यांनी 'संवेजनीय' म्हटले. संवेग म्हणजे अंतःकरणाला बसलेला हादरा, ज्याने मनुष्य जागा होऊन कामाला लागतो. स्थळ पाहून मनाला हादरा बसावा हा यात्रेचा हेतू. केवळ आनंद वा पुण्यसंचय हा नव्हे.

ह्याहून महत्त्वाचा आधार उपोसथाचा आहे. अंगुत्तर निकायात सांगितल्याप्रमाणे उपोसथ पाळणारा उपासक मनाशी असा विचार करतो की अर्हत यावज्जीव प्राणिहिंसेपासून, चोरीपासून, असत्यापासून दूर राहतात. आज ही एक रात्र व हा एक दिवस मीही तसाच राहीन. तेथे योजलेले क्रियापद 'अनुकरोमि' असे आहे. मी अर्हतांचे अनुकरण करतो, असा त्याचा अर्थ. अर्थात बौद्ध उपासक गेली अडीच हजार वर्षे दर पंधरवड्याला एका थोर जीवनाचे अनुकरण करीतच आला आहे. मात्र तो अर्हतांसारखे वस्त्र नेसून त्यांच्यासारखा दिसू पाहत नाही. अर्हतांनी जे सोडले ते तो त्या दिवसापुरते स्वतः सोडतो. नक्कल आणि अनुकरण यांतील भेद हाच. नक्कल रूपाची होते, अनुकरण कृतीचे होते. महाडच्या स्मृतिदिनाला हीच कसोटी लावली पाहिजे.

कोठे, कोणाविषयी, कोणत्या प्रसंगी

अनुकरण करावयाचे तर मूळ कृती नेमकी काय होती हे आधी ठरविले पाहिजे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी उपालींना नियमांविषयी जे प्रश्न विचारले ते चुल्लवग्गात नोंदले आहेत : हा नियम कोठे घालून दिला गेला, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी? पाचशे भिक्खूंपुढे हे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी ती रीत होती. आपणही महाडविषयी हेच तीन प्रश्न क्रमाने विचारू.

कोठे? सावित्री व गांधारी ह्या नद्यांच्या काठी वसलेल्या महाडात. शहरालगतच्या डोंगरात पाल्याची, म्हणजे गांधारपाल्याची लेणी आहेत. तेथील एका प्राकृत शिलालेखात कुमार काणभोअ व्हेणुपालित ह्याने लेणे, चेतियघर, आठ ओवऱ्या आणि दोन पोढी दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी. पश्चिम महाराष्ट्रातील व कोकणातील लेण्यांच्या दानलेखांत हा शब्द वारंवार येतो. डोंगरात राहणाऱ्या संघाला आणि वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळावे म्हणून कोणी टाके खोदून द्यावे आणि ते दान दगडावर कोरून ठेवावे, अशी ह्या परिसराची इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील रीत होती. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पुढे मनुष्याला पाणी नाकारणे हा धर्म ठरला. दानाच्या पोढीपासून बंदीच्या तळ्यापर्यंतचा हा उतार म्हणजे भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाचा इतिहासच होय.

पाणी नाकारण्याची वृत्ती मात्र त्याहून जुनी आहे. उदान ग्रंथात थूण नावाच्या ब्राह्मणग्रामाची कथा आली आहे. भगवान मल्ल देशात चारिका करीत येत आहेत असे कळताच तेथील ब्राह्मण गृहपतींनी गावची विहीर गवताने व भुशाने तोंडापर्यंत भरून टाकली. हेतू एवढाच की ह्या मुंडक्या श्रमणांना पाणी पिता येऊ नये. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. आनंदाने विहीर बुजविल्याचे सांगितले. तथागतांनी दुसऱ्यांदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले. तिसऱ्या वेळी आनंद गेला तेव्हा विहिरीने भुसा बाहेर टाकला होता आणि ती निर्मळ पाण्याने काठोकाठ भरली होती. चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. आम्हांस त्यात मोलाचे वाटते ते तीनदा सांगणे. बुजविलेल्या विहिरीकडे जाण्यास तीनदा सांगावे लागले. महाडच्या तळ्याकडेही एकदा जाऊन भागले नाही, हे पुढे दिसेल.

कोणाविषयी? आपल्या प्रवेशांत बाबासाहेब एकटेच तळ्यात उतरतात आणि बाकीचे मागे उभे असतात. वस्तुतः महाडची भूमी आधीच नांगरलेली होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली होती. कोकणातील निवृत्त महार सैनिकांनी जग पाहिले होते. महाड परिसरात परिषद भरवावी हा आग्रह रामचंद्र बाबाजी मोरे ह्या तरुणाने धरला. स्वागताचा भार संभाजी तुकाराम गायकवाड ह्यांनी वाहिला. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातले साथी होते. आणि ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत असे हजारो स्त्री-पुरुष पायी चालत आले होते. परिषदेच्या उपस्थितीचे आकडे अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंत निरनिराळे दिलेले आढळतात. आकडा कोणताही घेतला तरी हा समूहाचा पराक्रम होता.

कोणत्या प्रसंगी? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले ह्यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. परंतु तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी घेतले नाही, कारण घेऊ दिले गेले नसते. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली तेव्हा मंडपासाठी लागणारे पाणी स्पृश्यांकडून चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. तळे समोर, हक्काचा ठराव दप्तरात, आणि पाणी विकतचे! आमच्या मते महाडच्या कोणत्याही प्रवेशाचा पहिला प्रसंग ह्या चाळीस रुपयांचा असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी परिषदेच्या अखेरीस आपण सर्वांनी तळ्यावर जाऊन हक्क बजावावा अशी सूचना चित्र्यांनी केली आणि बाबासाहेबांच्या मागोमाग तो समुदाय चवदार तळ्याकडे निघाला. बाबासाहेबांनी पाणी घेतले, मग सर्वांनी घेतले. येथपर्यंतची गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे.

"दुसऱ्या दिवशी काय झाले?"

त्या आजीबाईंच्या प्रश्नाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागत नाही. पाणी पिऊन मंडळी परतल्यावर साधारण दोन तासांत शहरात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेतलेला जमाव मंडपात शिरला. लोक जेवत होते, काही परतीच्या तयारीत होते. जेवण मातीत मिळविले गेले. स्त्रिया, मुले, म्हातारे यांना मार बसला. गल्लीबोळांत एकट्यादुकट्याला गाठून मारले गेले. काहींना मुसलमानांच्या घरांत आश्रय मिळाला म्हणून ते वाचले. ह्या वेळी परिषदेला आलेल्यांत लष्करात राहिलेले, हातात काठी असती तर शहर हादरवू शकतील असे शेकडो जण होते. ते आज्ञेची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पाण्याची ओंजळ उचलण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक धैर्य उचललेला हात खाली घेण्यास लागले असेल. ह्या क्षणाचा प्रवेश आम्ही आजवर कोठेही पाहिलेला नाही.

नंतर तळ्याची 'शुद्धी' झाली. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र मिसळून ते मंत्रघोषात परत तळ्यात ओतण्यात आले. गाईच्या मूत्राने जे पाणी शुद्ध होते ते माणसाच्या ओंजळीने बाटते, हे तत्त्वज्ञान त्या दिवशी उघडपणे मांडले गेले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही रद्द केला. म्हणजे मार्चच्या विजयानंतर पाच महिन्यांच्या आत कागदावरचा हक्कही गेला.

म्हणून डिसेंबरची परिषद. २५ डिसेंबर ही तारीख ठरली. १२ डिसेंबरला विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषदेला जागा देण्यास कोणी हिंदू तयार झाला नाही. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून बाबासाहेब दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि तेथून मिरवणुकीने पायी महाडला आले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी ह्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होऊ असे नाही, इतके दिवस ते न पिता आपण मेलोही नव्हतो. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, हा त्या भाषणाचा गाभा होता. त्याच रात्री सहस्रबुद्धे ह्यांनी मांडलेल्या व पां. ना. राजभोज ह्यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले.

तळ्यावर जाण्यास लोक उतावीळ होते. सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी आपली नावे नोंदविली. तुरुंगात जाण्याची तयारी ठेवूनच ती दिली गेली. परंतु मनाईहुकूम होता आणि तो सरकारचा नव्हे, न्यायालयाचा होता. जिल्हाधिकाऱ्यांनी येऊन समजावले. उलटसुलट चर्चा झाल्या. अखेर २७ डिसेंबरला सत्याग्रह तहकूब ठेवण्याचा निर्णय बाबासाहेबांनी सभेपुढे ठेवला आणि सभेने तो मानला. मग मिरवणूक निघाली. हजारो लोक चवदार तळ्याला वळसा घालून गेले. पाणी हाताच्या अंतरावर होते. कोणीही त्याला हात लावला नाही.

ही २७ डिसेंबरची मिरवणूक आपल्या स्मरणातून जवळजवळ निसटली आहे. कारण उघड आहे : तिच्यात टाळ्या घ्यावी अशी जागा नाही. तरीही बौद्ध अभ्यासकाच्या दृष्टीने ती २० मार्चइतकीच मोलाची आहे. तहान आहे, हक्क आहे, संख्याबळ आहे आणि तरी संयम आहे. खन्ती पारमिता आम्ही वर्गात शिकवितो तेव्हा जातकांतील दाखले देतो. महाडचा दाखला द्यावयास हवा.

त्याच दिवशी बाबासाहेबांनी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली. मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, जात ओळखू येईल असा पेहराव सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी ते ऐकले आणि तातडीने आचरणात आणले.

पुढची लढाई कागदावरची होती. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी घालण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असा वादींचा दावा होता. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तात्पुरता मनाईहुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. विरोधकांनी ठाण्यास अपील केले, ते १९३३ साली फेटाळले गेले. त्यांनी उच्च न्यायालयात अपील केले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तेही फेटाळले. अशी अनादि रूढी सिद्ध झाली नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी होण्यास त्या दिवशी तीन दिवस उरले होते.

आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. दुसऱ्या दिवशी पाणी मिळाले नाही. दहा वर्षांनी न्यायालयाने ते देवविले. आणि १९५० साली भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणावरही बंधन असणार नाही, अशी तरतूद झाली. १९२३ च्या ठरावातील पाणवठा ह्या मार्गाने संविधानात पोचला. मध्ये चाळीस रुपये, लाठ्या, १०८ घागरी, मनाईहुकूम आणि ३,८८४ नावे आहेत.

तीन उपोसथ

हा सगळा इतिहास गाळून फक्त ओंजळीचा क्षण दाखविला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. मुलांना प्रेरणा मिळते, तेवढे पुरे नाही काय?

ह्याचे उत्तर अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात विशाखा उपोसथाच्या दिवशी भगवंतांकडे येते तेव्हा ते तिला उपोसथाचे तीन प्रकार सांगतात.

पहिला गोपालक-उपोसथ. संध्याकाळी गाई मालकाच्या हवाली करून गुराखी मनाशी हिशेब करतो की आज गाई ह्या रानात चरल्या, ह्या पाणवठ्यावर पाणी प्याल्या, उद्या त्या रानात नेऊ. तसाच कोणी उपोसथ पाळणारा आज मी हे खाल्ले, उद्या ते खाईन, अशा विचारात दिवस घालवितो. हे वाचताना आम्हांस आपल्या कित्येक समित्यांच्या बैठका आठवतात. यंदा किती गाड्या गेल्या, कोणाचा फलक मोठा, कोणत्या पुढाऱ्याला पुष्पहार आधी, भोजनदान कोणाच्या नावे, ध्वनिक्षेपक कोणाचा. दिवस पार पडला, हिशेब जुळला, आणि तळे जिथल्या तिथे राहिले. हा गुराख्याचा स्मृतिदिन झाला. गुराख्याचा हिशेब वाईट नाही, गाड्या आणि भोजन लागतेच. पण मन तेथेच अडकले तर फळ नाही, असे भगवंतांचे म्हणणे आहे.

दुसऱ्या प्रकाराला सुत्तात निगंठ-उपोसथ म्हटले आहे. प्राचीन संप्रदायांच्या आपसांतील वादाचा रंग त्या वर्णनाला आहे, तो सोडून मुद्दा तेवढा घ्यावा. एका ठराविक अंतरापलीकडच्या प्राण्यांवर दया आणि इतरांवर नाही. एका दिवसापुरते 'माझे काहीच नाही' असे म्हणायचे आणि रात्र सरताच आपल्या वस्तू पुन्हा भोगायच्या. तथागतांनी ह्याला असत्य म्हटले. आपला स्मृतिदिन ह्या दुसऱ्या प्रकारात कधी जातो? व्यासपीठावर आपण समतेचा प्रवेश करतो आणि मांडवातून घरी गेल्यावर लग्न जुळविताना पोटजात विचारतो तेव्हा. चवदार तळे आपल्याला बंद होते हे आपण आठवतो, पण आपल्यापैकीच काहींच्या विहिरींवर मांग बांधवांना पाणी भरता येत नव्हते हे आठवत नाही तेव्हा. मार्चच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपसांतील उच्चनीचता पुसून टाका असे सांगितले होते. ठराविक अंतरापलीकडच्या अन्यायाविषयी करुणा आणि आपल्या दारातल्या अन्यायाविषयी मौन, ही वृत्ती सुत्ताने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखून ठेवली आहे. हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

तिसरा आर्य-उपोसथ. मळलेले चित्त प्रयत्नाने निर्मळ करणे आणि अर्हतांच्या कृतीचे एक दिवस खरोखर अनुकरण करणे, हे त्याचे स्वरूप. येथे सोंग नाही. उपासक जे म्हणतो ते त्या दिवशी करतो. एका दिवसाचेच का होईना, पण खरे.

शताब्दीचे कार्यक्रम कसे व्हावेत

ह्या विवेचनावरून काही सूचना विहार समित्यांपुढे ठेवाव्याशा वाटतात.

प्रवेश जरूर व्हावेत. मुलांनी बाबासाहेबांचा वेश केला तर त्यात वावगे काही नाही. परंतु प्रवेश चाळीस रुपयांच्या पाण्यापासून सुरू व्हावा आणि १९३७ च्या निकालापर्यंत यावा. मध्ये १०८ घागरी दिसाव्यात, आज्ञेची वाट पाहून हात खाली घेणारे सैनिक दिसावेत, न्यायालयातला शिरस्तेदार दिसावा. संभाजी गायकवाड, मोरे आणि फत्तेखान यांच्याही भूमिका असाव्यात. स्त्रियांची सभा मुलींनी सादर करावी. प्रवेशानंतर प्रेक्षकांतून एखादी आजी प्रश्न विचारील अशी वेळ राखून ठेवावी आणि तिला खरे उत्तर द्यावे.

स्मृतिदिन एकच नाही. मार्च आणि डिसेंबर ही एकाच सत्याग्रहाची दोन अंगे आहेत. २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन पाळला जातोच, अनेक ठिकाणी तो स्त्रीमुक्तीचा दिवस म्हणूनही पाळला जातो. त्याला जोडून २७ डिसेंबरला आपापल्या गावच्या पाणवठ्याभोवती एक मूक फेरी काढावी. घोषणा नको, ध्वनिक्षेपक नको. पाण्याला हात न लावता एक वळसा घालावा. ज्यांनी ती तहान सोसली त्यांचे हे थोडेसे अनुकरण होईल आणि मुलांना संयम म्हणजे काय ते व्याख्यानाशिवाय कळेल.

मिरवणुकीच्या अखेरीस तळ्याकाठी बोले ठरावाचा आशय आणि संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचावा. सामुदायिक पठण ही संगीतीची रीत आहे. जे एकत्र म्हटले जाते ते टिकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, एक त्याग. उपोसथात उपासक काहीतरी सोडतो. महाडला आलेल्यांनी ओंजळभर पाणी घेतले, पण घरी जाऊन मेलेल्या जनावराचे मांस सोडले, उष्टे मागणे सोडले, लाचारी सोडली. घेतलेले पाणी त्याच दिवशी संपले, सोडलेले मात्र पिढ्यांना पुरले. आपणही २० मार्चला ओंजळ उचलण्याआधी काय सोडणार ते ठरवावे. कोणी दारू सोडील, कोणी लग्नातला हुंडा, कोणी पोटजातीची विचारपूस. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू पवारणा करतात, म्हणजे माझ्यात दोष पाहिला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगा, असे एकमेकांना म्हणतात. विहारातही त्या दिवशी अशी पवारणा व्हावी आणि तिच्यात एक प्रश्न सक्तीचा असावा : आपल्या गावात, आपल्या तालुक्यात, आपल्या इमारतीत आज पाणी कोणाला नाकारले जाते काय? पाणवठ्यावर वेगळी रांग, कामाला येणाऱ्या बाईचा वेगळा पेला, सफाई कामगाराला दारातूनच परत पाठविणे, हे सारे त्यात मोडते. उत्तर होकारार्थी आले तर पुढच्या वर्षीचा कार्यक्रम तेथेच ठरला असे समजावे.

कोणी म्हणेल, एवढे सगळे केले तर उत्सव राहणार नाही. आम्हांस तसे वाटत नाही. उपोसथाचा दिवस बौद्ध देशांत आजही आनंदाचाच असतो. लोक शुभ्र वस्त्रे घालून विहारात जमतात. आनंद आणि संवेग एकत्र नांदू शकतात. पाल्याच्या डोंगरात ज्याने दोन पोढी खोदून दिल्या त्यालाही आनंदच झाला असेल, म्हणून त्याने ते दगडावर कोरून ठेवले.

आमच्या सभागृहात पुन्हा तो प्रवेश होईल तेव्हा टाळ्या थांबल्यावर आम्ही स्वतः उठून उभे राहणार आहोत. त्या आजीबाई समोर नसतील, तरी त्यांचा प्रश्न आम्ही मोठ्याने विचारू आणि मुलांकडूनच त्याचे उत्तर ऐकू : दुसऱ्या दिवशी पाणी मिळाले नाही, आजी. दहा वर्षे लागली. आणि त्या दहा वर्षांत कोणीही मागे फिरले नाही.